आठ राजे, आठ प्रधान आणि राहून गेलेली ऐंशी पानं: एका डिझाइन स्पर्धेचं प्रकरण

सिंधुदुर्गातल्या एका मुलीने राज्यपातळीवरच्या कला आणि डिझाइन स्पर्धेत भाग घेतला, नंबर आला नाही, आणि तरी त्यानंतरच्या वर्षभरात तिचं काम ओळखू येणार नाही इतकं बदललं. हे नेमकं कशामुळे झालं ते नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण आमच्याकडे स्पर्धा म्हटलं की दोनच प्रतिक्रिया असतात, बक्षीस मिळालं तर पेढे आणि नाही मिळालं तर "जाऊ दे, वशिला असतो". मधलं जे असतं, म्हणजे कुठल्या वळणावर काय ठरवलं आणि त्याचं पुढे काय झालं, ते कुणी लिहून ठेवत नाही. मी तालुक्याच्या शाळेत कलाशिक्षक आहे, ही मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, तिला विचारूनच लिहितोय. तिला इथे सायली म्हणू. गाव, दुकान, स्पर्धा यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

सायली तेव्हा चोवीस वर्षांची, घर कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या पट्ट्यात. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही ड्रॉइंग परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड, त्याचे दहावीला वाढीव मार्कही मिळाले. पुढे आर्ट कॉलेजला जायचं होतं पण घरचं गणित बसलं नाही, बारावी झाली, डीटीपीचा कोर्स केला आणि ती फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात लागली. कोरलड्रॉवर तिचा हात इतका बसला की शेठ नसले तरी दुकान चालायचं. वाढदिवसाचे बॅनर, बारशाचे, क्रिकेटच्या टुर्नामेंटचे, दशावतारी नाटकांचे आणि चतुर्थीच्या आधी तर चाकरमान्यांच्या स्वागताचे इतके की जेवायला वेळ नाही.

या कामाबद्दल तिच्या मनात एक अढी होती. "सर, हे डिझाइन नव्हे, गिऱ्हाईक सांगतं ते चिकटवायचं" असं ती म्हणायची आणि घरी रात्री वहीत जे काढायची तेच आपलं खरं काम असं तिला वाटायचं. ही अढी लक्षात ठेवा, पुढे तिचाच सगळा संबंध आहे.

स्पर्धेची जाहिरात तिला व्हॉट्सॅपवर आली. विषय असा की आपल्या परिसरातल्या एखाद्या पारंपरिक कलाप्रकारावरून आजच्या वापराची वस्तू डिझाइन करा, हाताने करा किंवा कॉम्प्युटरवर करा, सोबत दोनशे शब्दांची संकल्पना टिप्पणी मराठीत किंवा इंग्रजीत. शेवटची तारीख 15 ऑगस्ट. प्रवेश फी होती पण परवडण्यासारखी.

अडचण काय होती

वरवर पाहिलं तर अडचण वेळेची. जून अर्धा संपलेला, दुकानात चतुर्थीचं काम सुरू व्हायच्या बेतात, आणि कोकणातला पावसाळा म्हणजे कागद हवेने वाकतो, पोस्टर कलर दोन दोन दिवस वाळत नाही, वाळला म्हणून वही मिटली तर पानं एकमेकांना चिकटतात, गादीखाली दाबून ठेवलेल्या कार्डशीटवर आठवड्याभरात बुरशीचे ठिपके. हे शहरातल्या मुलांना सांगून खरं वाटत नाही.

पण खरी अडचण वेगळी होती. इतकी वर्षं तिला काय करायचं ते कुणीतरी सांगत होतं. फोटो एवढा मोठा हवा, नाव लाल हवं, मागे समुद्र टाक. आता पहिल्यांदाच समोर गिऱ्हाईक नव्हतं, आणि कुणी काहीच सांगत नाही म्हटल्यावर तिला सुचेना. म्हणजे सुचत भरपूर होतं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते कशावरून ठरवायचं ते कळत नव्हतं.

पर्याय कोणते होते

पहिला विचार आला पिंगुळीच्या चित्रकथीचा. कुडाळपासून पिंगुळी जवळच, आणि 2021 साली तिथले चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून चित्रकथी हा शब्द इथल्या पोरांनाही माहीत झालाय. त्या शैलीत पोस्टर किंवा पिशव्या करायच्या असा बेत होता. मग ती तिथे जाऊन आली, गंगावणे कुटुंबाने उभं केलेलं ठाकर आदिवासी कला आंगण बघितलं आणि येऊन म्हणाली की ती नुसती चित्रं नाहीत, एकेक पान पुढे करत गोष्ट गाऊन सांगतात, ते गाणं आणि तो सांगणारा काढून टाकला तर माझ्या हातात फक्त मोठे डोळे आणि टोकदार नाकं उरतील. ती त्या लोकांची चालती कला आहे, आपण नुसती रेषा उचलायची हे तिला पटलं नाही. मला तिचा हा निर्णय फार आवडला होता, आजही आवडतो.

दुसरा पर्याय सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि लाखकाम. त्यासाठी कातारी, म्हणजे लाकूड कातणारा कारागीर हवा, लाकूड हवं, आणि वस्तू स्वतः करता येणार नाही, फक्त कागदावर दाखवता येईल. तो मागे पडला.

तिसरा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर अजून गोल पानं रंगवताना दिसतात. ही कला जवळजवळ संपली होती, 1970 च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि पुन्हा उभी केली. मूळ पद्धत अशी की कापडाला चिंचोक्याची खळ लावून थर द्यायचे, घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि वर लाख. दशावतारी गंजिफ्यात 120 पानं, दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी खूण. मोगल गंजिफ्यात आठ गट, 96 पानं.

सायलीने ठरवलं की मोगल पद्धतीसारखी 96 पानं करायची पण गट आपल्या मासळीचे. बांगडा, तारली, इसवण (सुरमई), सरंगा (पापलेट), म्हाकूल (माकूळ), सुंगट (कोळंबी), कुर्ली (खेकडा), तिसरी (शिंपला). राजा आणि प्रधान म्हणजे त्या त्या मासळीशी जोडलेली माणसं, कुर्लीचा राजा म्हणजे चिखलात उतरून कुर्ल्या धरणारा, तिसरीची प्रधान खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिसऱ्या काढणारी बाई. कल्पना ऐकली आणि मला खात्री पटली की ही जमणार.

निर्णयाचं पहिलं वळण: सगळी पानं की थोडी

जुलै उजाडल्यावर स्पष्ट झालं की 96 पानं वेळेत होत नाहीत. तीन वाटा होत्या. एक, कुठलाही एकच गट घ्यायचा आणि त्याची बाराच्या बारा पानं पूर्ण करायची. दोन, सगळ्या गटांचे राजे आणि प्रधान करायचे, म्हणजे सोळा चित्रं, आणि आकड्यांची ऐंशी पानं सोडून द्यायची. तीन, 96 पूर्ण करायची पण साधी, रेषेत. माझं मत पहिल्या वाटेचं होतं आणि तसं मी बोललोही. तिने दुसरी निवडली. तिचं म्हणणं असं की आकड्यांच्या पानावर असतं काय, एक मासा कॉपी करून नऊ वेळा पेस्ट करायचा, ते तर मी दुकानात रोजच करते, परीक्षकांना माझा हात दिसायला हवा. त्या क्षणी हे बोलणं चुकीचं वाटत नव्हतं. स्पर्धेत चित्र बघितलं जातं असा सगळ्यांचाच समज असतो.

निर्णयाचं दुसरं वळण: हक्क आणि नाव

हा भाग थोडा रुक्ष आहे पण स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. नियमावलीत एक ओळ होती, आलेल्या प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील. सगळ्या प्रवेशिकांचे की फक्त विजेत्यांचे ते स्पष्ट नव्हतं. तिने ईमेल करून विचारलं, उत्तर आलं की विजेत्यांची चित्रं प्रदर्शनासाठी आणि छापण्यासाठी वापरायची परवानगी एवढाच अर्थ आहे. तो ईमेल तिने जपून ठेवला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीने द्यावा लागतो, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरतात. हे माहीत असलं की माणूस निदान प्रश्न विचारतो.

दुसरी गोष्ट दुकानाची. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाचा असतो, वेगळा करार नसेल तर. ही पानं नोकरीचा भाग नव्हती, पण फायली दुकानाच्या कॉम्प्युटरवर होत्या. शेठ भला माणूस, त्यांनी दोन ओळींचं पत्र लगेच लिहून दिलं की हे काम सायलीचं, दुकानाच्या वेळेबाहेर केलेलं, आमचा दावा नाही. शेठ भले असतानाच असं पत्र घ्यावं, मग वेळ येत नाही.

तिसरी गोष्ट नावाची. सावंतवाडीच्या गंजिफ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, म्हणजे ते नाव वाटेल त्याला आपल्या मालावर लावता येत नाही. शिवाय तिची पानं कापड आणि लाखेची नव्हतीच, कार्डशीटवरची होती. तिने शीर्षक दिलं "खाडी दर्या, गोल पत्त्यांचा खेळ" आणि टिप्पणीत लिहिलं की रचना गंजिफ्यावरून घेतली आहे. ऋण कुणाचं तेही सांगितलं आणि नावही वापरलं नाही.

पहिल्या फेरीत काय केलं

पानं दहा सेंटिमीटर व्यासाची, चित्रांना जागा मिळावी म्हणून मोठी. बाह्यरेषा हाताने, रंग कॉम्प्युटरवर, सोळाही पानांना एकच निळसर समुद्राचा रंग मागे कारण सगळा संच एकत्र छान दिसतो. मासे बघायला मात्र मिळाले नाहीत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, बंदर ओस, बाजारात खाडीची मासळी नाहीतर बर्फातली. म्हणून फोनवर फोटो शोधून काढले. त्यामुळे कुर्ली, सुंगट झकास आली कारण ती घरात येत होती, आणि बांगडा, तारली, इसवण हे तिघे एकाच साच्यातून काढल्यासारखे झाले, फक्त लहानमोठे.

टिप्पणी शेवटच्या रात्री लिहिली. कोकणची समृद्ध परंपरा, निसर्गसौंदर्य, नव्या पिढीपर्यंत पोचवणे वगैरे. वाचायला गोड, पण त्यात तिने घेतलेल्या एकाही निर्णयाचं कारण नव्हतं.

निकाल

पहिल्या चाळणीतच प्रवेशिका बाहेर गेली. मात्र या आयोजकांनी एक चांगली गोष्ट केली, प्रत्येकाला दोन-तीन ओळींचा अभिप्राय पाठवला. त्याचा मथितार्थ असा की चित्रं देखणी आहेत, विषय ताजा आहे, पण हा खेळ खेळायचा कसा ते यातून कळत नाही, आकड्यांची पानं कुठे आहेत, आणि हातात धरल्यावर कुठलं पान कुठल्या गटाचं ते कसं ओळखायचं.

ती दोन दिवस गप्प होती. मग चतुर्थी आली, गडबडीत विषय मागे पडला. अनंत चतुर्दशी झाल्यावर ती माझ्याकडे आली ती तो अभिप्राय प्रिंट काढून घेऊनच, खाली पेनाने लिहिलेलं, "120 मधली 20 चित्रांची, 100 आकड्यांची".

हे तिला राजवाड्यात पुन्हा जाऊन पानं बघताना जाणवलं होतं. दशावतारी गंजिफ्यात राजा आणि प्रधान मिळून वीसच पानं, बाकीची शंभर म्हणजे मोजणीची. लोक कौतुकाने राजा बघतात, खेळताना हातात मोजणीची पानंच जास्त येतात. ज्याने तो संच रचला त्याचं डोकं खरं त्या शंभरात लागलंय. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोलाचा क्षण तो आहे, आणि तो अभिप्रायाशिवाय आला नसता.

निकालानंतर: राहिलेली ऐंशी पानं

आता स्पर्धा नव्हती, तारीख नव्हती, तरी तिने पूर्ण संच करायला घेतला. ही वाट मुलं सहसा धरत नाहीत. पुढच्या स्पर्धेसाठी नवीन विषय घेतात आणि तेच पुन्हा करतात.

आधी तिने जुन्या लग्नपत्रिकांचे गोल कापले, त्यावर स्केचपेनने खुणा काढल्या आणि घरच्यांना खेळायला बसवलं. आजी, शेजारची काकू आणि काकूचा सहावीतला मुलगा. कारण गंजिफा मुळात तिघांनी खेळायचा, हुकूम वगैरे नाही, मोठं पान टाकेल त्याचा हात. दिवसा आणि रात्री सुरुवात करणारा राजासुद्धा दशावतारीत वेगळा, दिवसा राम आणि रात्री कृष्ण.

पहिल्याच डावात आजी वैतागली. "गो बाय, ह्यो तारलो काय बांगडो, माका दोन्ये सारकेच दिसतत." जिचा जन्म मासळी निवडण्यात गेला तिला ओळखता येत नाही म्हटल्यावर विषयच संपला. तारली काढली आणि कालवं घेतलं. बांगडा नव्याने काढला, यावेळी वेंगुर्ल्याच्या बंदरावर जाऊन, टोपलीतला, पाठीवरच्या लांबट, सरळ गडद रेघा आणि शेपटीजवळची ती बारीक बारीक पंखांची ओळ बघून. आता तो नखाएवढा काढला तरी बांगडाच वाटतो.

इसवणीचं तर भन्नाट झालं. अख्खी इसवण लहान आकारात काढली की नुसती लांब मासळी दिसते. तिने कितीतरी वेळा रेषा बदलल्या. आजी बघत होती, म्हणाली, "इसवण म्हटल्यार तुकडीच डोळ्यांसमोर येता." आणि खरंच की. मधोमध काटा, भोवती मांसाचे चार कप्पे, बाहेर चंदेरी कातडीची कड. तुकडी लांबूनही ओळखू येते आणि गोल पानावर गोल खूण बसतेही चपखल. बाकी सात खुणा अख्ख्या, ही एकच कापलेली. कागदावर नियम मोडल्यासारखं वाटतं, पण मालवणी घरात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

मग रंग. आठ गटांना आठ रंग द्यायचे असं ठरलं होतं. कॉम्प्युटरवर आठही वेगळे दिसत होते. घरात पिवळ्या दिव्याखाली केशरी आणि तांबडा एक झाले, निळा आणि हिरवा एक झाले, आणि लाईट जाऊन इमर्जन्सी लावल्यावर तर विचारूच नका. तिने रंग चारच ठेवले, पिवळा, तांबडा, निळा, पांढरा, आणि प्रत्येक रंगात दोन गट, एक दर्याचा आणि एक खाडीचा. वेगळेपणा काठावर. दर्याच्या पानांना साधा काठ, खाडीच्या पानांना करवती काठ. गोल पानं हातात पसरली की कडाच दिसतात, मधलं चित्र दिसतच नाही, त्यामुळे कडेवरच सगळं कळलं पाहिजे हे तिच्या नीट लक्षात आलं होतं.

याच काठाने आणखी एक काम केलं. गंजिफ्यात अर्ध्या गटांत दहा मोठा आणि एक लहान, उरलेल्या अर्ध्यांत उलटं, एक मोठा आणि दहा सर्वात लहान. नवीन माणूस इथेच गोंधळतो. सायलीने ठरवलं, बांगडा, इसवण, सरंगा, म्हाकूल या दर्याच्या गटांत दश्शी मोठी, आणि सुंगट, कुर्ली, तिसरी, कालवं या खाडीच्या गटांत एक्का मोठा. करवती काठ दिसला की क्रम उलटा. सहावीतल्या पोराने हे एका डावात पकडलं.

आता आकड्यांची पानं, जी तिला कॉपीपेस्ट वाटत होती. सहा, सात, आठ, नऊ खुणा गोलात कशाही मांडल्या तर मोजत बसावं लागतं. माणसाच्या डोळ्याला तीन-चार वस्तू न मोजता कळतात, त्यापुढे गट पाडावे लागतात. इथे तिला फ्लेक्सचं काम आठवलं. हायवे 66 वरून गाडी पळत असताना बॅनर वाचला गेला पाहिजे, त्यासाठी अक्षरांमधली मोकळी जागा किती, दोन ओळींत अंतर किती, हे ती वर्षानुवर्षं न बोलता करत होती. तेच इथे वापरलं. सत्ती म्हणजे वर चार खाली तीन, अठ्ठी चार आणि चार, नव्वी तीनाच्या तीन रांगा, दश्शी पाच आणि पाच आणि मध्ये ठळक पट्टा, म्हणजे नव्वी आणि दश्शी चुकूनही एक दिसत नाहीत. यात सर्वात जास्त वेळ गेला, चित्रांपेक्षा कितीतरी जास्त. ज्या कामाला ती डिझाइन म्हणायला तयार नव्हती त्याच कामातलं कसब तिच्या सर्वात चांगल्या डिझाइनमध्ये आलं, आणि हे तिला स्वतःला दिसलं. मी शिकवून नसतं दिसलं.

शेवटची गोष्ट मापाची. दहा सेंटिमीटरचं पान पोराच्या हातात मावत नव्हतं, बत्तीस पानं धरायची म्हणजे दोन हात लागायचे. सात सेंटिमीटर केलं. छपाईला 12 बाय 18 इंची शीट लागते, त्यावर दहाची आठच पानं बसतात, म्हणजे 96 ला बारा शीट. सातची चोवीस बसतात, चार शीटमध्ये संच पूर्ण. हातालाही बरं आणि खर्च तिसरा हिस्सा.

परिणाम

संच पूर्ण झाला. थोडे संच छापले, काही ओळखीत गेले, काही तारकर्लीकडच्या एका होमस्टेवाल्याने घेतले कारण पावसात अडकलेल्या पाहुण्यांना करायला काही नसतं. त्यातून फार पैसे आले असं नाही, छपाई निघाली आणि थोडं वर.

जास्त मोठा बदल दुकानात दिसला. आता ती बॅनर करताना विचारते, हा कुठे लागणार, कोण वाचणार, चालत की गाडीतून. चौदा फोटो घेऊन आलेल्या मंडळाला तिने समजावलं आणि पाच फोटोंवर आणलं, नाव लांबून वाचता आलं, मंडळ खूश. एका दशावतारी कंपनीने मात्र साफ नकार दिला, सगळ्या कलाकारांचे फोटो पाहिजेतच, आणि त्यांचं बरोबर होतं, गावात लोक आपल्या आवडत्या नटाचा चेहरा शोधूनच नाटकाला जातात. तिने सगळे फोटो ठेवले आणि नावाची जागा तेवढी मोकळी केली. कुठे कमी करायचं आणि कुठे नाही हे कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. "हे डिझाइन नव्हे" हे वाक्य त्यानंतर तिच्या तोंडून ऐकलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

लग्नपत्रिकेचे गोल कापून खेळणं हे सर्वात आधी व्हायला हवं होतं. त्याला पैसा लागत नाही, एका संध्याकाळीत होतं, आणि एकच गट पूर्ण करायचा की सोळा राजे-प्रधान याचं उत्तर तिथेच मिळालं असतं. मासे मे महिन्यात काढून ठेवायला हवे होते, बंदी लागण्याआधी. कोकणात राहून दर्यावर काही करायचं तर वर्षाचं वेळापत्रक दर्याचंच पाळावं लागतं. टिप्पणी शेवटी न लिहिता पहिल्या आठवड्यात लिहायची, आणि प्रत्येक वाक्याला "का" विचारायचं. एकच निळा रंग का? छान दिसतो म्हणून, हे उत्तर लिहितानाच खटकलं असतं. हक्काचा ईमेल मात्र तिने वेळेत केला, ते तसंच करावं.

स्पर्धेत जावं का नाही यावर लोक मला विचारतात. माझं सरळ मत आहे की जिथे अभिप्राय देतात तिथे फी भरून जावं, जिथे फक्त विजेत्यांची यादी लागते तिथे दोनदा विचार करावा. तारीख असल्याशिवाय सोळा चित्रंही झाली नसती हे खरं. पण तारखेने काम सुरू होतं, पूर्ण होईलच असं नाही, आणि सायलीच्या बाबतीत वाढ झाली ती तारीख गेल्यावर. घरच्यांनी तो वेळ तिला दिला, रात्री अकरापर्यंत दिवा चालू ठेवू दिला, मुलगी म्हणून बोल लावला नाही, याचंही श्रेय आहे आणि ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

सध्या

आता प्रश्न डब्याचा अडलाय. गंजिफ्याचा जुना डबा लाकडी, रंगवलेला, सरकत्या झाकणाचा. तसा सावंतवाडीत करून घेतला तर संचापेक्षा डबा महाग पडतो. पुठ्ठ्याचा केला तर पहिल्या पावसाळ्यात मऊ पडणार. पत्र्याचा गोल डबा घ्यायचा म्हटला तर खारी हवा, वर्षात गंज. सध्या ती जाड कापडाची नाडीवाली पिशवी शिवून बघतेय, बचत गटातल्या दोघीजणी शिवायला तयार आहेत, पण पिशवीत पानांच्या कडा झिजतात आणि या खेळात कडाच महत्त्वाच्या. पानांना मॅट लॅमिनेशन करून पिशवी ठेवायची की पानं साधी ठेवून पैसे डब्यात घालायचे यावर आमचं अजून एकमत नाही. मी लॅमिनेशनच्या बाजूचा, आजी डब्याच्या.